आपला तो धोरणी

आरोंद्यात कुणाला नुसते 'लबाड' म्हटलेले मी ऐकलेले नाही. त्या शब्दात माणसाच्या कर्तबगारीची नोंदच होत नाही. शेजाऱ्याचा फणस आपल्या हद्दीत यावा म्हणून जो दर पावसाळ्यात गडग्याचे चार चिरे पुढे सरकवतो, त्याची मेहनत एवढ्यात कशी आटपायची? "तो साधो न्हय हां, आतल्या गाठीचो आसा," असे काका म्हणतात, तेव्हा आवाजात राग कमी आणि कौतुक जास्त असते.

गावाला तालीमही तशीच मिळाली. अलीकडे सावंतवाडी संस्थान, तेरेखोल नदीच्या पलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज. एकाच प्रश्नाला दोन काठांवर दोन उत्तरे देणे हे इथे पाप नव्हते, व्यवहार होता.

त्यामुळे हुद्दे ठरलेले. काडी लावणारा सर्वांत खालचा. आग लागली की पहिला तोच पाणी घेऊन धावतो. पाचर मारणारा दोन भावांच्या मध्ये शिरतो. इपितर नुसत्या हौसेने उचापती करतो, त्याला फायदा नको असतो. पाताळयंत्री हे पद मात्र निवडणुकीच्या सुमारासच मिळते. आणि कळलाव्या! कळलावी नावाची वेल पावसात कुंपणावर फुलते, लाल-पिवळी, देखणी. कंद जहरी. तिचे फूल घरात आणले की भांडणे होतात म्हणे. आमच्याकडे फुलावाचून काही अडत नाही.

शाळेत हा सगळा हिशेब उलटा शिकवतात. १७७४ साली नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी राघोबादादांविरुद्ध जे केले, त्याला इतिहासच 'बारभाईंचे कारस्थान' म्हणतो, आणि ते लिहिले की मार्क मिळतात. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला असे नुसते म्हणतात, तरी बाई कायमच्या बदनाम. काकांना विचारले तर म्हणाले, "नानाचा ता धोरण."

जत्रेतल्या दशावतारात शकुनीने फासे टाकले की समोरच्या बायका त्याचे मढे बसवतात. जयद्रथाला फसवण्यासाठी कृष्ण भरदिवसा सूर्य झाकतो, तेव्हा त्याच बायका हात जोडतात. मी काकांकडे पाहिले.

"देवान केला तर ती लीला," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जत्रेच्या वर्गणीचा हिशेब मागितला, तेव्हाही त्यांनी तोच शब्द वापरला.