किल्ला, फासा आणि पार्किंगचा कोपरा

डोंबिवलीत माणसाला दोन गोष्टी नशिबानेच मिळतात: लोकलमध्ये खिडकी आणि घरात मोकळं टेबल. त्यामुळे पुठ्ठ्याचा नकाशा, इंचभर उंचीचे वीर, वीस बाजूंचा फासा आणि तीन-चार तासांची सवड, एवढं सगळं एकदम मागणारा खेळ इथे आला तेव्हा त्याची पहिली लढाई ड्रॅगनशी झालीच नाही. ती कणकेच्या परातीशी झाली आणि परात जिंकली.

खेळ समजायला तसा सोपा. एक जण सूत्रधार; बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. सूत्रधार सांगतो, "दार किलकिलं आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय." मग दिवसभर बँकेत कर्जाच्या फायली तपासणारा मांत्रिक ठरवतो, आत शिरायचं की मागे फिरायचं. ते अंगाशी आलं की नाही, हे फासा सांगतो. हा झाला रोलप्लेइंग गेम. नकाशा मांडून त्यावर छोट्या मूर्ती सरकवायच्या, तो झाला मिनिएचरचा बोर्डगेम. अलीकडे या दोन घराण्यांची अशी सोयरीक जुळली आहे की मांडवात मुलाकडचे कोण आणि मुलीकडचे कोण, ते ओळखू येत नाही.

घरातल्या आजींना मात्र एकच प्रश्न पडतो.

"यात जिंकतं कोण रे?"

"कुणी एकटं नाही गं आजी. सगळ्यांनी मिळून जिंकायचं."

"मग मघापासून भांडत काय होतात?"

या सोयरिकीतलं सगळ्यात वजनदार स्थळ म्हणजे आयझॅक चिल्ड्रेस यांचा २०१७ सालचा 'ग्लूमहेवन'. त्यात ९५ प्रसंग आहेत आणि खोका जवळजवळ दहा किलोंचा. असा खोका घेऊन संध्याकाळी ठाण्याहून कल्याण लोकल पकडणं हाच शहाण्णवावा प्रसंग. रॅकवर तो मावत नाही, मांडीवर घेतला तर तोंड दिसत नाही, आणि शेजारचा काका आपुलकीने विचारतो, "बासमती कुठून घेतला?"

खरं तर या खेळाचा इतिहास म्हणजे मोकळ्या जागेचाच इतिहास. १८२४ साली राइसवित्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने युद्धखेळाचे नियम छापले. त्यात पंचही होता. पुढे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहिलं. जमिनीवर सैनिक मांडायचे आणि स्प्रिंगच्या तोफेने पाडायचे. वेल्स यांच्याकडे तेवढी जमीन होती. अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्स यांच्या तळघरात तर चक्क वाळूचं टेबल होतं. त्यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत १९७१ मध्ये 'चेनमेल'चे नियम काढले. मोठ्या लढाईत एक मूर्ती म्हणजे वीस सैनिक. पडली तर वीस जण गेले, कुणाचं नाव-गाव विचारायचं कारण नाही.

नाव-गाव आणलं ते डेव्ह आर्नेसन यांनी. डेव्हिड वेस्ली यांच्या खेळात प्रत्येक खेळाडूला स्वतःची भूमिका असायची. आर्नेसन यांनी तोच धागा पुढे नेला: एक खेळाडू, एक पात्र, आणि जगलं वाचलं तर तेच पात्र पुढच्या बैठकीला हजर. गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये निघाला. पेटीत तीन पुस्तिका, पहिल्या आवृत्तीच्या एक हजार प्रती. मूर्ती असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही, असा त्याचा एकूण सूर. वन-बीएचकेच्या दृष्टीने क्रांती ती हीच! पण माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं. १९८९ च्या 'हीरोक्वेस्ट'ने मूर्ती पुन्हा टेबलावर आणल्या आणि त्या काही उठायला तयार नाहीत.

यातली सगळ्यात गमतीची हकीकत राक्षसांची आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधले घुबडाच्या तोंडाचं अस्वल आणि लोखंड गंजवून खाणारा प्राणी हे कुठल्या पुराणातून आले नाहीत. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांची एक पिशवी गायगॅक्स यांच्या हाती लागली, त्यातल्या ओळखू न येणाऱ्या जनावरांना त्यांनी नावं आणि ताकद देऊन टाकली.

आता हे आपल्याकडच्या कुठल्या पोराला नवीन आहे? सहामाही संपली की ठाण्यापासून कल्याणपर्यंत सोसायट्यांच्या आवारात दिवाळीच्या किल्ल्यासाठी विटा, माती आणि गोणपाट जमतात. चिखल लिंपला जातो, हळीव पेरले जातात, बाजारातून मावळे आणि तोफा येतात. परदेशातले शौकीन मूर्ती २५ मिलिमीटरची की २८ ची, यावर वाद घालतात. आपल्या किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात आणि खालच्या जंगलातला वाघ बुरुजाच्या खांद्याला लागतो. कुणाची हरकत नसते. धाकटा गुपचूप प्लास्टिकचा डायनोसॉर आणून ठेवतो, तेव्हा मात्र सूत्रधार दादा तो उचलून फेकतो. गायगॅक्स असते तर त्यांनी त्याला छावणीच्या पहाऱ्यावर नेमलं असतं.

म्हणजे मूर्ती आहेत, भूप्रदेश आहे, गोष्ट आहे, हुकूमशहा सूत्रधारही आहे. नाही तो फक्त खेळ. किल्ला पुरा झाला की 'हात लावू नये' अशी पाटी लागते आणि मावळे भाऊबीजेपर्यंत जागच्या जागी पहारा देतात.

प्रसंगांची तर इथे कमतरताच नाही. तिकडे अंधारकोठडी कल्पनेने बांधावी लागते. ठाण्याच्या किल्ल्यात आजही मध्यवर्ती कारागृह चालू आहे. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याला गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी इथेच ठेवलं होतं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले. तेव्हा म्हणे एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मराठी गाणं म्हणायचा. पळण्याचा बेत त्या गाण्यातच होता आणि पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी निसटला. कैदी, मोतद्दार, गोरा शिपाई आणि घोडा: चार मुलांना चार भूमिका. शिपायाला संशय आला की नाही, ते फासा ठरवील. कल्याणच्या मुलांना दुर्गाडी आहे, खाडी आहे, १६५७ नंतर तिथे बांधली गेलेली आरमाराची जहाजं आहेत.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत सोसायटीच्या कमिट्यांनी एवढंच करावं. 'हात लावू नये'ची पाटी काढावी, आणि पार्किंगचा तो कोपरा तुळशीच्या लग्नापर्यंत मुलांकडे राहू द्यावा. वीस बाजूंचा फासा नसेल तर सापशिडीचा चालेल. ज्यांची स्कूटर तितके दिवस बाहेर उभी राहील, त्या काकांना किल्लेदार नेमावं. तक्रार करायला त्यांना सवड मिळणार नाही.