हात वर करायला सांगणाऱ्या उपाध्यक्षांना

प्रति,
मा. उपाध्यक्ष, कार्यकारी समिती,
पालक-शिक्षक संघ.
(शाळेचं नाव लिहीत नाही. ते आपल्या दोघांच्याही फीच्या पावतीवर ठळक आहे.)

विषय : नव्या इमारतीत कोणाची मुलं नकोत, याबाबत आपण केलेल्या मौलिक सूचनेबद्दल आभार.



शनिवारच्या सभेत आपण जे बोललात, त्याबद्दल समस्त फी भरणाऱ्या पालकांच्या वतीनं आपले आभार मानायचे राहून गेले. सभा लांबली, चहा संपला आणि खाली पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींत अडकल्या. म्हणून हे पत्र.

मागच्या मोकळ्या जागेत चार मजली इमारत होणार आणि पहिलीच्या दोन तुकड्या वाढणार, ही बातमी मुख्याध्यापिका बाईंनी इतक्या आनंदानं सांगितली, की ती मोकळी जागा म्हणजे मुलांचं एकुलतं एक मैदान आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी गेटपाशी होणारी बसची कोंडी दुप्पट होईल, हेही नाही. आपण मात्र उठलात आणि थेट मर्मावर बोट ठेवलंत. तुकड्या वाढल्या की आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं गरीब मुलांसाठी राखलेल्या फुकट जागाही वाढणार. पंचवीस टक्क्यांच्या हिशेबानं चाळीसच्या तुकडीत दहा, दोन तुकड्यांत वीस. ‘मग ही इमारत आपण बांधतोय कुणासाठी?’ असं आपण विचारलंत आणि मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. विटा आपण वाहणार असल्यासारखं ते ‘आपण’ होतं.

टाळ्यांनी हुरूप आला असावा. कारण पुढचं वाक्य आलं, ‘इथं आरटीईवाले पालक किती आहेत? जरा हात वर करा, म्हणजे सगळ्यांना कळेल.’

माझ्या पुढच्याच रांगेत एक बाई होत्या. त्यांचा हात कानापर्यंत गेला आणि पदर सारखा केल्यासारखा करून खाली आला. शेजारच्या खुर्चीवरचा नवरा मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. एकाही माणसानं हात वर केला नाही. आपण हसून म्हणालात, ‘बघा, आलेच नाहीत. यांना शाळेशी काही घेणं-देणं नाही.’

उपाध्यक्षसाहेब, ते आले होते.

आपली सूचना कार्यवृत्तात नीट नोंदली जावी म्हणून इथं पुन्हा लिहिते : नव्या इमारतीत फी भरणाऱ्यांच्या तुकड्या, आणि आरटीईची मुलं जुन्या इमारतीत, दुपारच्या सत्रात. कल्पना छान आहे. फक्त शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत नेमकं हेच करू नका म्हणून लिहून ठेवलंय. या मुलांना वेगळ्या वर्गात बसवायचं नाही, वेगळ्या वेळी बोलवायचं नाही. नियम करणाऱ्यांना आपल्यासारखी माणसं आधीच भेटली असणार, त्याशिवाय इतकं नेमकं सुचत नाही.

आपल्या व्हॉट्सॲप गटाचा कायद्याचा अभ्यास मी जाणून आहे. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारनं नियम बदलला आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट दिली, तेव्हा गटावर पेढ्यांची चित्रं आली होती. मे महिन्यात उच्च न्यायालयानं स्थगिती दिली तेव्हा ‘बघू पुढे’ असं आलं. १९ जुलैला न्यायालयानं तो बदल रद्दच केला, त्या दिवशी गटावर फक्त दप्तरांच्या सेलची लिंक होती.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे वळते, प्रवेशातल्या न्यायाकडे. ‘आमची मुलं गुणवत्तेवर आली, ही लॉटरीवर आली,’ असं आपण म्हणालात. लॉटरी हा शब्द उच्चारताना आपल्या तोंडावर जे भाव होते, ते रस्त्यावर पैसे सापडलेल्या माणसाकडे बघताना असतात.

ही लॉटरी कशी लागते ते थोडं सांगते. आमच्या सोसायटीत इस्त्री करणाऱ्या एकाचा अर्ज मी भरून दिला होता. पोर्टलवर घराचं ठिकाण नकाशात दाखवायचं असतं. वस्तीतल्या गल्लीला नाव नाही आणि नकाशावरचा फुगा दर वेळी पलीकडच्या नाल्यात जाऊन पडतो. अंतर एक किलोमीटरच्या आत की बाहेर, हे त्या फुग्यावर ठरतं. उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो. तो काढायला चार दिवस इस्त्री बंद. भाडेकरार नोंदणीकृतच लागतो, आणि वस्तीतला घरमालक त्या शब्दानंच दचकतो. एवढं करून जास्तीत जास्त दहा शाळा निवडायच्या आणि मेसेजची वाट बघायची. नंबर लागलाच, तर पडताळणी समितीसमोर तीच कागदं पुन्हा. खोटे पत्ते देणारे आहेत, उत्पन्न लपवून मोटारीतून पोरं सोडणारे आहेत, मला माहीत आहे. त्यांना पकडा, मी बरोबर येते.

आणि आता आपली गुणवत्ता. माझ्या मुलाच्या प्रवेशाच्या वेळी ‘इंटरॅक्शन’ झालं. मुलाला रंग विचारले, मला माझ्या कंपनीचं नाव विचारलं आणि नवऱ्याला पॅकेज. मुलानं जांभळ्याला निळा म्हटलं, पण पॅकेज बरोबर आलं. नंतर ‘ऐच्छिक देणगी’ची पावती मिळाली, तीही शाळेच्या नावाची नाही, भलत्याच कुठल्या ट्रस्टची. ऐच्छिक रकमेचा आकडा त्यांनीच सांगितला होता. आमच्या मागे खुर्चीत एक गृहस्थ नगरसेवकाचं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून बसले होते. त्यांची गुणवत्ता आमच्यापेक्षा वरची निघाली, कारण त्यांना आत आधी बोलावलं.

प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घ्यायची नाही, आणि देणगी तर नाहीच नाही. हे ज्या २००९ च्या कायद्यात लिहिलंय, तोच आपला नावडता शिक्षण हक्क कायदा. बारावं कलम पुढच्या रांगेतल्या त्या बाईंच्या मुलीला आत आणतं, तेरावं कलम तुमच्या-माझ्या मुलांच्या चाचणीला पहिल्या खेपेस पंचवीस हजारांपर्यंत दंड ठेवतं आणि देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत. आपण बाराव्यावर तावातावानं बोलतो आणि तेरावं कुणी वाचत नाही. या शाळेच्या सगळ्या दारांत ओळख, पाकीट आणि पॅकेज तपासलं जातं. एकच दार असं आहे जिथं पोराचा बाप कोण हे न विचारता नंबर लागतो, आणि आपल्याला बुजवायचंय ते नेमकं तेच.

शिवाय आपल्याला आठवण करून द्यायला संकोच वाटतो, पण फी नियमनाच्या कायद्यानुसार पालकांमधून या कार्यकारी समितीवर जे जातात, ते सोडतीनं जातात. जूनमध्ये स्टाफरूमसमोर प्लास्टिकच्या डब्यातून चिठ्ठी निघाली, तिच्यावर आपलं नाव होतं. तेव्हा आपण ‘मी लॉटरीवर आलो, मला शाळेशी काही घेणं-देणं नाही’ असं म्हणाला नव्हतात. उलट हार घालून घेतलात.

‘त्यांची फी आपण भरतो’ हे आपलं सगळ्यांत आवडतं वाक्य. सरकारनं एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये असा दर ठरवला. आपली फी त्याच्या कितीतरी पट. तोही पैसा वेळेवर येत नाही, राज्यभर शाळांची थकबाकी साचत जाते. हे खरं आहे आणि शरमेचं आहे. पण फीवाढीत त्याचा वाटा नक्की किती, हे आपण कधी विचारलंत? मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं आणि आपण घरी आलो. त्याच वर्षी रिसेप्शनला इटालियन संगमरवर बसला, तो कोणत्या प्रवर्गातून आला कोण जाणे.

आणि हा सगळा जिव्हाळा किती वर्षांचा? फुकट शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंत. त्या पुढच्या रांगेतल्या बाईंची मुलगी सातवीत आहे. माझ्या मुलाच्याच बसथांब्याजवळून पायी येते, कारण बसचे पैसे वेगळे. स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचेही वेगळे, म्हणून ती तीन वर्षं ‘आजारी’ पडते. पुढच्या वर्षी आठवी, आणि मग तिला पूर्ण फी मागतील. दहावीच्या तोंडावर, ज्या वर्गात ती सात-आठ वर्षं बसली त्या वर्गातून ती उठेल. तुम्हाला तिला घालवायची घाई कसली आहे हो? तिची जाण्याची तारीख आधीच ठरलीय! तिच्या आईला दोनशे माणसांत हात वर करायला सांगताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

असो. पत्र मिस्किल लिहायचं ठरवलं होतं.

सभा संपताना एक गोष्ट झाली, आणि ती झाली नसती तर हे पत्र इथंच थांबलं असतं. जिन्यात आपण कुणाला तरी सांगत होतात, की धाकटीला पहिलीत इथं घेतलं नाही. इंटरॅक्शनमध्ये ती दहा मिनिटं एक अक्षर बोलली नाही. सहा वर्षांची पोर, समोर तीन अनोळखी माणसं, बोलेल कशी? नंतर देणगीचा आकडा सांगितला, तो थोरल्याच्या वेळच्या दुप्पट होता, आणि घराचा हप्ता चालू होता. आता ती पलीकडच्या गावातल्या शाळेत व्हॅननं जाते, पाऊण तास जायला आणि पाऊण यायला. ‘वीस जागा फुकट वाटतात आणि माझ्या पोरीला एक नाही,’ असं आपण म्हणालात. आवाज चिरकला होता. मी मागच्याच पायरीवर होते.

दादा, तुमच्या पोरीची जागा त्या वीस जणांनी घेतलेली नाही. ती चाचणी कायद्यानं घेताच येत नव्हती. देणगी मागताच येत नव्हती. तुम्ही तेव्हा ओरडायला हवं होतंत, पण थोरला याच शाळेत आहे, उद्या त्याला वर्गात काही बोलतील, म्हणून गप्प बसलात. मीही याच भीतीनं गप्प बसते. शाळेवर ओरडता येत नाही, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईवर ओरडणं सोपं जातं, कारण तिचा हात वर येतच नाही.

म्हणून एक विनंती. संस्थेचा फीवाढीचा प्रस्ताव समितीपुढं येणार आहे. आपण समितीवर आहात, हिशेब मागायचा अधिकार आपल्याला आहे. नव्या इमारतीचा खर्च, त्या भलत्या ट्रस्टमध्ये गेलेली देणगी, आरटीईपोटी सरकारकडून आलेले आणि राहिलेले पैसे, आणि गेल्या तीन वर्षांत पहिलीचा प्रत्येक प्रवेश कोणत्या निकषावर झाला त्याची यादी. सगळं लेखी. इंटरॅक्शन कायमचं बंद करा, असा ठरावही त्याच सभेत मांडा. धाकटीचं नाव घेऊ नका, उगाच तिची चर्चा नको.

मांडणारे आपण. अनुमोदन मी देईन, आणि माझ्या पावतीची झेरॉक्स आणीन.

आपली,
पाचवी ‘क’मधल्या एका मुलाची आई

ता. क. : शनिवारचं कार्यवृत्त गटावर टाकण्यापूर्वी ते हात वर करायला सांगितल्याचं वाक्य काढू नका. पुढच्या सभेच्या सुरुवातीला आपण त्या बाईंची माफी मागणार आहात, तेव्हा कशाची ते लोकांना कळायला हवं.