इंदिरानगरातील ओलीला अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती ओल,
तिसरा मजला, बेडरूमची भिंत,
इंदिरानगर, नाशिक ४२२००९.

विषय : सदर ओलीचा खर्च कोणी करायचा, याबाबत.

महोदया,

भिंतीवरची ओल दिसायला सगळी सारखीच. खर्चाच्या दृष्टीने मात्र तिच्या तीन जाती पडतात : बिल्डरने निस्तरायची, विमा कंपनीने भरून द्यायची आणि घरमालकाने किंवा सोसायटीने सोसायची. जात ठरते ती ओलीच्या वयावरून आणि कारणावरून. सदर ओलीने यांपैकी काहीही न कळवता थेट रंगाचे पोपडे पाडायला सुरुवात केल्याने प्रकरण प्रलंबित आहे.

पहिले दार बिल्डरचे. स्थावर मालमत्तेच्या रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यात, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांत दोष निघाला आणि तो बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्ती करायची असते. न केल्यास नुकसानभरपाईसाठी महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे दाद मागता येते. पाच वर्षे ताब्याच्या तारखेपासून मोजतात, वास्तुशांतीच्या नव्हे. फोनवरच्या ‘उद्या माणूस पाठवतो’ या वाक्याची नोंद कुठेच होत नाही, म्हणून तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. अनेक करारनाम्यांत आणखी एक अट बारीक अक्षरांत बसलेली असते : बिल्डरच्या लेखी संमतीविना बाथरूमची फरशी उकरली वा नळ हलवले आणि त्यामुळे पाणी झिरपू लागले, तर हमी संपली. ताबा मिळताच टाइल्स बदलण्याची हौस इथे अंगाशी येते. टाइल्सखालचे वॉटरप्रूफिंग एकदा दुखावले की दोष मूळ गवंड्याचा की नव्या, हे सिद्ध करणे कठीण. इंदिरानगरातल्या जुन्या सोसायट्यांचा हा प्रश्नच मिटलेला आहे. १ मे २०१७ पूर्वी पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतींना रेरा लागत नाही, आणि लागता तरी पाच वर्षे केव्हाच उलटली असती.

दुसरे दार विमा कंपनीचे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशानुसार ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित अटींची पॉलिसी मिळते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल यांच्याबरोबर पाण्याची टाकी किंवा नळ फुटून वा ओसंडून झालेले नुकसानही तिच्यात येते. हे वाचून ओलीने कान टवकारू नयेत. नळ फुटणे ही घटना आहे. चार पावसाळे झिरपत राहणे ही घटना नव्हे, आणि विमा घटनेचा असतो. २ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला आलेल्या पुरात गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, सराफ बाजारात पाणी शिरले. तसले पाणी घरात आले तर ते पॉलिसीत बसते. इंदिरानगर गोदाकाठापासून दूर असले, तरी मुसळधार पावसात रस्त्यावर तुंबलेले पाणी तळमजल्यात घुसल्यास तेही बसते. जमीन खचण्याच्या कलमातून मात्र सदोष आराखडा, निकृष्ट काम आणि नवे बांधकाम बसताना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा वगळलेल्या आहेत. बिल्डरच्या हमीचा जो विषय, तोच विम्याचा अपवाद.

विम्याची रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर ठरत नाही, कारण जमिनीला आग लागत नाही. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, एवढाच हिशेब. समजा, ७० चौरस मीटरला २५,००० रुपये दर धरला, तर साडेसतरा लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे साडेतीन लाखांचे घरसामान यादी न देता आपोआप धरले जाते. या सवलतीची मर्यादा दहा लाख. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. एरवीच्या घरफोडीसाठीही तसेच, कारण इथे चोरी धरतात ती आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली. गृहकर्ज घेताना बँकेत सही केलेला विमा बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, भिंतींचा नव्हे. कित्येक कुटुंबे तो कागद घराचा विमा समजून कपाटात जपून ठेवतात.

अमेरिकेत ‘होम वॉरंटी’ नावाचा आणखी एक करार विकला जातो. वापराने झिजलेली गिझर, एसीसारखी उपकरणे आणि नळजोडणी यांची दुरुस्ती त्यात येते. आपल्याकडे त्याच्या जवळचे म्हणजे वॉटर प्युरिफायरचे किंवा लिफ्टचे एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे कंत्राट. भिंतीचे एएमसी बाजारात सहसा दिसत नाही. पेंटरच्या तोंडी हमीला करार म्हणत नाहीत.

उरली ती जुनी, सावकाश मुरलेली ओल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती ही सोसायटीची जबाबदारी. संडास, सिंक यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकाचा. ओल जूनमध्ये येऊन दिवाळीपर्यंत सुकत असेल तर आधी गच्ची आणि बाहेरच्या भेगा पाहाव्यात. बारमाही असेल तर वरच्या मजल्यावरची मोरी.

तरी सदर ओलीने आपला उगम आणि वय लेखी कळवावे.

प्रत माहितीस्तव : वरच्या मजल्यावरची मोरी.