उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपले पूर्वज म्हणत. त्यांना सरकारी कामाचा वेग ठाऊक नव्हता. शहरी घनकचऱ्याचे देशव्यापी नियम 2000 साली आले. ओला-सुका वेगळा ठेवा, असं त्यात छापलं होतं. लोकांना नीट वाचता आलं नसावं, म्हणून 2016 साली ते पुन्हा छापलं. त्यात दोन तपं गेली, पण पांग फिटले. पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीत आज जा. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, जनरेटर आणि हवा गेलेल्या सायकलींच्या मधोमध, 'खतप्रकल्प' असा हिरवा फलक दिसेल. फलकावर फीत कापणाऱ्या माननीयांचं नाव असतं. फलकामागे काय असतं, हे विचारणं सभ्य माणसाचं काम नाही.

आमच्याकडेही असा फलक आहे. दिवसाला 100 किलोंहून अधिक कचरा करणारे म्हणून आम्ही सरकारदरबारी 'मोठे कचरा उत्पादक' आहोत. या आवारात उत्पादक म्हणण्यासारखं दुसरं काही घडत नसल्यामुळे ही पदवी आम्ही अभिमानाने मिरवतो. अशांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, 'शक्य असेल तितका', असं 2016 च्या नियमात म्हटलं होतं. ही सवलत ज्या अधिकाऱ्याच्या लेखणीतून उतरली, त्याच्या अभिनंदनाचा ठराव आम्ही एकमताने मंजूर केला. आमच्या सभेत एकमताने मंजूर झालेला हा एकमेव ठराव.

शिवाय महापालिका मिळकतकरात सूट देते. गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी जिरवणं, यांपैकी एक असेल तर 5 टक्के, दोन असतील तर 10. निसर्गप्रेमाचा इतका स्पष्ट दर दुसरीकडे कुठे लागलेला नाही. गांडुळांची हजेरी मात्र कुणी तपासत नाही. आमची गांडुळं बऱ्याच दिवसांपूर्वी स्थलांतरित झाली. सूट अजून इथेच राहते.

गांडुळं गेल्यावर यंत्र आलं. कोटेशनं मागवली, समिती नेमली, समितीतली निम्मी माणसं रुसली आणि मग विक्रेत्याने ते शब्द उच्चारले, 'चोवीस तासांत खत.' सगळे हेलावले. 1924 ते 1931 या काळात आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज इंदूरला बसून खतासाठी पालापाचोळा, शेण आणि राख यांचे थर रचत होता. शेतकरी आणि किडी हेच आपले प्राध्यापक, असं तो मानायचा. त्याच्या इंदूर पद्धतीला सुमारे तीन महिने लागत, कारण जिवाणूंना ओलावा, हवा आणि वेळ लागतो. ढीग मध्यभागी 55 अंशांच्या वर तापतो, तो उलथावा लागतो, पुन्हा तापतो. बिचाऱ्याला थ्री फेज कनेक्शन मिळालं नाही.

चोवीस तासांच्या यंत्रातून जे बाहेर पडतं, ते बहुतेक वेळा चिरलेला, भाजलेला आणि वाळवलेला कचरा असतो. दिसतो खतासारखा, वासही बरा. कुंडीत घालून पाणी घातलं की आपण अजून कुजलोच नाही हे त्याला आठवतं, आणि तो कुंडीतच कुजायला घेतो. सी विंगमधल्या काकूंचा मोगरा यातच गेला. काकूंनी तक्रार केली. समितीने मोगऱ्यालाच दोषी ठरवलं.

ओल्या कचऱ्यात सुकं काही मिसळलं नाही तर त्यातली हवा कोंडते आणि वास सुटतो. त्यावर सुका पालापाचोळा हा फुकटचा उपाय. तो आमच्या आवारात उदंड पडतो. आम्ही तो रोज झाडतो, पोत्यांत भरतो आणि टेम्पोवाल्याला पैसे देऊन लांब पाठवतो. मग कोकोपीट आणि लाकडाचा भुसा विकत आणून ढिगात घालतो. हिशेब तपासनीसांनी याबद्दल विचारलं, तेव्हा पाला ही अंतर्गत बाब आहे, असं खजिनदारांनी सांगितलं.

आता प्रकल्प चालवतं कोण? जिवाणू आणि सफाईच्या मावशी. जिवाणूंना रजा नाही, मावशींना आहे. त्या रजेवर गेल्या की प्रकल्पही रजेवर जातो. पोळ्यांच्या ढिगातून डायपर, दाढीची पाती आणि एकदा चालू स्थितीतला रिमोट त्यांनीच वेचून काढला. पर्यावरणदिनी काळ्या मातीवर भाषणं झाली. 'माती ही आपली आई' असं म्हणून अध्यक्षांनी मूठभर खत हातात घेतलं, फोटो झाला, आणि मागे सॅनिटायझर धरून उभं राहण्याचं काम मावशींकडे होतं. त्यांना हातमोजे द्यावेत, हा विषय तिसऱ्या सभेतही 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी' या सदरात आहे. आईला कोण हात लावतं आणि कोण फक्त वंदन करतं, याची विभागणी आपल्याकडे फार जुनी आहे. सोसायटीच्या उपविधीत ती वेगळी लिहावी लागली नाही.

सगळं नीट जमलंच, तर पुढची अडचण अशी की खत तयार होतं. ढाक्यात वेस्ट कन्सर्न संस्थेने 1995 साली मीरपूरला वस्तीतलं खतकेंद्र काढलं आणि खत खपवायला खतकंपन्यांना सोबत घेतलं. अशा व्यापारी वृत्तीपासून आम्ही दूर आहोत. आमची पोती जिन्याखाली आहेत.

काही कुजके लोक म्हणतात, या सगळ्यापेक्षा कचरा गाडीत टाकणं सोपं. गाडी जाते कुठे, हे पुणेकराला माहीत असतं. कोथरूडचा डेपो बंद झाला, आता तिथे मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. उरुळी देवाची आणि फुरसुंगीत मात्र नव्वदीच्या सुरुवातीपासून डोंगर वाढला, विहिरींचं पाणी नासलं, गावकरी गाड्यांपुढे आडवे झाले. 2017 साली ही गावं महापालिकेत आली, 2024 साली ती बाहेर काढली गेली. कचऱ्याचं वर्गीकरण जमत नाही असं आमच्याबद्दल कुणी म्हणू नये, गावांचं तरी आम्ही केलं आहे.

तरी सर्व सभासदांस कळवण्यात येते की जिन्याखालील खत विनामूल्य उपलब्ध आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी स्वतःचा टेम्पो आणावा आणि पोती स्वतः उचलावीत, मावशींना सांगू नये. उरुळी-फुरसुंगीकरांनी कृपया अर्ज करू नयेत. त्यांना आम्ही आजवर पुष्कळ दिलं आहे.