संवेदनशील अधिकारी व्हा, पुरस्कारासह

हिंगोली जिल्ह्यातल्या विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा कार्यभार आपल्याकडे आला, त्याबद्दल अभिनंदन. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकून झाला असेल आणि जुन्या साहेबांच्या नावाची पाटी उतरली असेल, तर लगेच मुख्य कामाला लागू. मुख्य काम म्हणजे पुरस्कार.

कोणता, असं विचाराल. अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या प्रशासकांची स्वतंत्र परिषद आहे आणि ती आपल्या सभासदांचे रीतसर सन्मान करते. आपल्याकडे शिक्षकाला ५ सप्टेंबरला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, दिव्यांग व्यक्तींना आणि त्यांच्यासाठी झटणाऱ्या संस्थांना ३ डिसेंबरचा. ज्याच्या टेबलावर या दोघांच्याही फायली पडून असतात, त्या मधल्या माणसाच्या करुणेची दखल घेणारा पुरस्कार मात्र अजून कोणाच्या डोक्यात आलेला नाही. त्यामुळे नाउमेद होऊ नये. पुरस्कार सुरू व्हायला एक प्रायोजक, एक सभागृह आणि दोन डझन शाली एवढंच लागतं. तो जाहीर होईल त्या दिवशी आपला प्रस्ताव तयार असला पाहिजे, म्हणून ही मार्गदर्शिका.

प्रस्ताव आपणच आपल्याबद्दल लिहायचा आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज भरतात. तोच नमुना धरून चाला. आपण किती दयाळू आहोत हे आपणच लिहायचं, आपणच साक्षांकित करायचं आणि प्रत्येक दयेला फोटो जोडायचा. फोटो नसेल तर ती दया झालीच नाही असं समजून छाननी समिती पुढे जाते. आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण त्या प्रसंगाचा जिओ-टॅग फोटो नाही, लाभार्थ्याची सही नाही आणि तुपाचं देयकही नाही. त्रुटी काढून प्रस्ताव परत आला असता.

प्रस्तावासाठी आधी थोडी पार्श्वभूमी माहीत हवी. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, आणि अपंग व्यक्तींसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ चा. म्हणजे कायदा जिल्ह्यापेक्षा चार वर्षांनी थोरला आहे. अंमलबजावणी मागे का, असं कोणी विचारलं तर हे सांगून पाहा. पुढे २०१६ चा कायदा आला आणि अपंगत्वाच्या ७ प्रकारांचे २१ झाले. पाठ करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि साध्या शाळेत बसणारं दिव्यांग मूल शालेय शिक्षण विभागाकडे. मुलाने शाळा बदलली की त्याचं खातंही बदलतं. ही सोय फार मोलाची आहे, कारण अडचण घेऊन आलेल्या पालकाला 'हे आमच्याकडे येत नाही' असं अगदी खरं उत्तर देता येतं. फक्त ते हळू आवाजात आणि उभं राहून द्यावं. संवेदनशीलता तिथेच दिसते.

आता शिबिर. करुणेचा सगळ्यात भरघोस पुरावा इथेच मिळतो, म्हणून इथे घाई करू नका.

शिबिर ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला घ्यावं आणि जिल्ह्याच्या ठिकाणीच घ्यावं. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत इथल्या आयांनी पोराला कडेवर घेऊन एसटीने यावं. त्यामुळे गर्दी दिसते. काही गावांतून मुलं येणारच नाहीत. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, मुकादमाची उचल फेडायला आईबाप कोयत्यावर जातात, आणि मूल एकतर फडात असतं नाहीतर आजीजवळ. ही मुलं हजेरीपटावर 'गैरहजर' दाखवावीत. हेच शिबिर सप्टेंबरात घेतलं असतं तर ती आली असती हे खरं, पण सप्टेंबरात दिव्यांग दिन नसतो.

शिबिरात मोजमाप होतं. कृत्रिम अवयव बनवणाऱ्या कानपूरच्या एलिम्कोचे तंत्रज्ञ पायाची लांबी घेतात, कॅलिपरसाठी खुणा करतात, व्हीलचेअर कोणाला नि तीनचाकी कोणाला ते लिहून घेतात. मग यादी वर जाते. साहित्य यायला महिने लागतात आणि तेवढ्या वेळात मूल वाढतं. मापाचा कॅलिपर येतो तेव्हा तो जुन्या पायाचा असतो. श्रवणयंत्राचंही तेच: कानाचा साचा घट्ट होतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं, मूल ते काढून दप्तरात टाकतं आणि पुढे बॅटरी संपते. त्यामुळे फोटो वाटपाच्या दिवशीच काढून घ्यावा. नंतर गावात जाऊन कोणी काय वापरतंय हे बघण्याचा मोह नवशिक्यांना होतो. तो आवरावा.

व्यासपीठावर प्रमुख पाहुण्यांनी मुलाला नाव विचारलं आणि मूल बोलत नसलं, तर नाव तुम्हाला माहीत असायला हवं. नसेल तर विशेष शिक्षकाला मागे उभं करा, तो कानात सांगेल. त्याला प्रत्येकाचं नाव, आजार आणि बापाचा मोबाइल नंबर पाठ असतो. हा माणूस वर्षानुवर्षं कंत्राटावर, कमी मानधनात, मोटरसायकलवर या गावातून त्या गावात फिरत आलेला आहे. राज्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे ४८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायचं ठरवलं, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्याच राज्यांना पदं जाहीर करा म्हणून पुन्हा बजावावं लागलं. हे सगळं प्रस्तावात घालू नका, विषयांतर होतं. 'माझ्या मार्गदर्शनाखाली' हे शब्द घातले की शिक्षकाचं काम आपोआप आपल्या रकान्यात येतं.

रॅम्पबद्दल थोडक्यात. नियम आहे एकास बारा. व्हरांडा दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट हवा. तुमच्या शाळेत तो पाच फुटांचा निघेल, आणि त्याच्या तोंडाशी झेंड्याचा चौथरा असेल. त्यावरून व्हीलचेअर वर नेताना दोन मोठी पोरं मागून रेटतात. त्याला अहवालात 'सहाध्यायींचा सक्रिय सहभाग' म्हणावं.

भत्त्यांकडे वळू. दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता, शिवाय मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता वगैरे. रक्कम छोटी आणि थेट खात्यात जाते, तेव्हा व्यासपीठावर देता येत नाही. करुणेच्या दृष्टीने हा अगदी निरुपयोगी प्रकार. त्यातून खातं बंद पडलेलं असतं, आधार जोडलेलं नसतं. एकदा आधार केंद्रात अर्धा तास बसून बघा. मेंदूचा पक्षाघात असलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाची मूठ घट्ट मिटलेली. आजी एकेक बोट उलगडते, अंगठा काचेवर टेकवते, यंत्र लाल दिवा दाखवतं, तोवर बाकीची बोटं परत मिटतात. 'सायब, ह्याचं बोट काही बसंना,' आजी म्हणते. मागच्या रांगेतला एकजण घड्याळ बघतो. चालक म्हणतो, उद्या या. बोटांचे ठसे देता येत नसतील तर अपवाद म्हणून नोंदणी करायची सोय आधारमध्ये आहे, पण ती चालकाला माहीत नसते आणि आजीला कोणी सांगत नाही. तुम्ही तिथे असाल तर एका वाक्यात काम होईल. मात्र ते वाक्य प्रस्तावाच्या कोणत्याही रकान्यात बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भाषेची तयारी ठेवा. 'दिव्यांग बांधव', 'समाजाच्या मुख्य प्रवाहात', 'आत्मसन्मानाची वाट' हे शब्द प्रत्येक पानावर एकदा तरी यावेत. पालक 'माझं लेकरू' म्हणतात; ते 'लाभार्थी' असं दुरुस्त करावं. फाईल परत पाठवायची असेल तर 'चर्चा करावी' असा शेरा मारा. नुसता 'नाही' लिहिणारा माणूस कठोर ठरतो, 'चर्चा करावी' लिहिणारा विचारी. दोन्हीत मुलाला मिळतं तेवढंच.

एवढं सगळं केलंत की पुरस्काराला पात्र झालात. शाल खांद्यावर घ्या, नारळ ड्रायव्हरकडे द्या, स्मृतिचिन्ह टेबलावर अशा ठिकाणी ठेवा की समोर बसलेल्या पालकाला तुमचं तोंड अर्धं दिसेल.

राहिला तो नवशिका, ज्याला पुरस्कार नकोच आहे. असे थोडे असतात, पण आहेत. त्याने शिबिर टोळ्या निघायच्या आधी आणि तालुक्याला घ्यावं. भत्त्याच्या याद्या जूनमध्येच बँक खात्यांसकट तपासून घ्याव्यात. दहावीला बसणाऱ्या मुलांचे लेखनिकाचे आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळेचे प्रस्ताव मंडळाकडे मुदतीत पोचवावेत. नाहीतर वर्षभर अभ्यास केलेलं पोर परीक्षेच्या आदल्या दिवशी लेखनिक शोधत फिरतं. कॅलिपर आला की पायात बसतो का हे स्वतः बघावं आणि बसत नसेल तर त्याच दिवशी पुन्हा माप पाठवावं. यातल्या एकाही कामाचा फोटो चांगला येत नाही.

आणि बदली त्याचीही होते. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात नेहमीचा कार्यकाळ तीन वर्षांचाच आहे. तेव्हा जाताना कोणत्या मुलाचं काय राहिलंय याची यादी कपाटात ठेवू नका. विशेष शिक्षकाच्या हातात द्या. कपाटाची किल्ली नव्या साहेबांना सापडायला फार दिवस लागतात.