न जमणारी पंगत

समजा, २,१४,७४,८३,६४७ पाहुण्यांची पंगत बसवायची आहे. ओळी सारख्या हव्यात, शेवटी कुणी उरता कामा नये. आमच्याकडे पानं मांडायचा मान काकांचा. पण तेही हातात दोरी घेऊन मांडवभर फिरून हात टेकतील. एक तर सगळ्यांनी एकाच ओळीत बसायचं, नाहीतर प्रत्येकाने स्वतःची ओळ स्वतःच व्हायचं. पहिल्या सोयीत शेवटच्या पानापर्यंत वरणभात पोचेस्तोवर पहिल्या पानावरचा नातवाच्या मुंजीचं जेवत असेल.

ही मूळ संख्या आहे, हे १७७२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने दाखवलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये, नजर जवळजवळ गेलेली असताना. सरळ भागत बसायचं तर ४६,३४० पर्यंतच्या साऱ्या मूळ संख्या तपासायला हव्यात. पण ही संख्या म्हणजे दोनाचा एकतिसावा घात वजा एक, आणि असल्या घराण्याच्या अटी कडक. मूळ भाजक चालेल तो एवढाच, ज्याला २४८ ने भागलं की बाकी १ किंवा ६३ उरते. बाकीची स्थळं दारातूनच परत! पावणेचारशेच्या आत उमेदवार उरले, त्यांतलंही एक जमलं नाही.

पुढची कित्येक दशकं हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. हिला दोनाच्या तिसाव्या घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज पुन्हा तीच. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडायची नाही. असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोगाच्या नव्हेत, त्यामुळे कोण शोधत बसणार! मला बार्लोची बाजू पटते. पण बिनउपयोगी कामाचा माणसाला केवढा उरक असतो, हे तो विसरला. २०२४ मध्ये सापडलेल्या याच घराण्यातल्या मूळ संख्येत चार कोटींहून जास्त अंक आहेत.

आणि उपयोगाचं म्हणाल, तर ही संख्या संगणकाच्या भाषेत लिहिली की ओळीने एकतीस एक्के. बत्तीस खणांच्या जुन्या रचनेत एक खण अधिक-उण्याच्या चिन्हाला जातो. उरलेल्या एकतिसांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ गाणं पाहणाऱ्यांचा आकडा इथवर आला, आणि यूट्यूबला मोजणीचे खण वाढवावे लागले.

जुन्या यंत्रांची घड्याळंही १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच खणांत मोजतात. आपल्याकडे १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ते खण भरतील. ज्या यंत्रांची डागडुजी झालेली नसेल, ती पुढच्या सेकंदाला थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातील. वार मंगळवार आहे. त्या दिवशीचा मुहूर्त धरणार असाल, तर किल्लीचं घड्याळ जवळ ठेवा.