बंगई आली बाई एकदाची

"काय गं, रात्री अकराला तुमच्या फाटकाशी छोटा हत्ती उभा होता. काय उतरवून राहिले होते? मला वाटलं, फ्रिज आणला."

"फ्रिज नाही जी काकू. बंगई."

"बंगई! वडशाकडची? लग्न होऊन आली तेव्हापासून जिचं सांगून राहिली, ती?"

"तीच. या इकडे, भिंतीवरून दिसते. ती पाहा, पोतं टाकलंय ना, त्याखाली. हात नका लावू, कालच तेल चोळलंय."

"अगं बाई, झोपाळ्याची फळी केवढी रुंद! सांधा कुठाय?"

"सांधाच नाही. दोन फुटांची सलग फळी. सुतार आला होता सकाळी, नुसता हात फिरवत बसला. म्हणे, अशी फळी आता डेपोत शोधूनही मिळायची नाही. आपण आलापल्लीला वनवैभव पाहायला गेलो होतो, आठवतं?"

"ते नाही का, तोडायचं नाही म्हणून राखलेलं जंगल?"

"हो. सहा हेक्टरांचा तुकडा. 2014 मध्ये त्याला जैविक वारसा स्थळ केलं. तिथल्या एका सागाला आपण दोघींनी हात जोडून कव घातली, तरी बोटाला बोट लागलं नव्हतं. तसल्या झाडाची असेल ही."

"आणि उधई?"

"या कोपऱ्याला पाहा. इथं कडेचं पांढरं लाकूड राहिलं होतं, तेवढंच खाल्लं तिनं. आतल्या गाभ्यापाशी आली आणि मागं फिरली. सागाच्या गाभ्यात तेल असतं ना, उधईला ते सोसत नाही."

"पण दिली कशी त्यांनी? मालगुजाराच्या घरची वस्तू."

"सांगते. चहा ठेवलाय का तुम्ही गॅसवर?"

"करपू दे. तू सांग."

"मी दहा वर्षांची असेन. दिवाळीनंतर वडशाकडे मावशीच्या गावी मंडईची जत्रा होती, रात्री नाटक. दुपारी आम्ही सगळ्या बायका-पोरी वाड्यावर. बायकांची जागा मागच्या पडवीत, चटईवर. बंगई पुढच्या ओसरीत, तिच्यावर बसणार ते पुरुष. पान लावायचं, पाय हलवायचा, कुळाचं गाऱ्हाणं ऐकायचं. मालगुजारी 1951 सालीच गेली, पण बंगईवरची बैठक काही सुटली नव्हती. सगळे जेवून लवंडले तशी मी हळूच चढले. एकच झोका घेतला, तर कडी अशी करकरली की अख्खा वाडा जागा! मालगुजारीणबाईंनी कान धरून खाली उतरवलं."

"तो कान अजून दुखून राहिला म्हण की."

"तोच तर! मग दरवर्षी मावशीकडे गेले की वाड्यावर जायचं आणि थोरल्या सूनबाईंना विचारायचं, विकता का? त्या हसायच्या. परवा त्यांचाच फोन. चार भावांत वाटण्या झाल्या, वाडा पाडून लॉन करून राहिलेत, लग्नाचं. कोरीव खांब, तुळया, दारं, चौकटी, सगळं एका व्यापाऱ्यानं उचललं. शहराकडच्या रिसॉर्टांना लागतं म्हणे. सूनबाई बंगईवर बसून राहिल्या. म्हणाल्या, ही नाही जाणार, हिचं गिऱ्हाईक वीस वर्षांपासून ठरलेलं आहे."

"त्या कधी बसायच्या तिच्यावर?"

"मी हेच विचारलं. म्हणाल्या, सासरे गेले त्या साली पहिल्यांदा बसले, पन्नाशीत."

"अरे देवा."

"आणि वयाचं म्हणाल तर, काकू, ही बंगई टांगली तेव्हा मध्य प्रांत होता आणि आपला चांदा जिल्हा. मग मध्य प्रदेश झाला, 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्र, 1982 ला गडचिरोली वेगळा निघाला. हिनं चार कड्या सोडल्या नाहीत. राज्यं बदलली, जिल्हा बदलला, ही आपली तिथंच."

"आता चंद्रपुरात परत आली म्हणायची. पण नाक्यावर नाही अडवलं? लाकूड म्हटलं की टीपी, वाहतुकीचा परवाना विचारतात."

"यांना तीच धास्ती! आठ दिवस आधी वनखात्यात जाऊन विचारून आले, सूनबाईंकडून लिहून घेतलं, कागद खिशात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, अख्ख्या रस्त्यानं खिसा चाचपत होते. एका नाक्यावर टॉर्च मारला. तो शिपाई फळीकडे पाहून म्हणतो काय, साहेब, माझ्या आजोबांकडे होती अशी. कागद पाहायच्या आधी बसूनच पाहिलं त्यानं, गाडीत चढून!"

"बरं, ते सगळं ठीक. पडली किती?"

"सासूबाईंना सात सांगितलेत."

"म्हणजे सात नाहीत."

"यांना अकरा माहीत आहेत."

"म्हणजे अकराही नाहीत. मला सांग, मी कोणाला सांगते?"

"काकू, तुम्ही मागच्या महिन्यात माझ्या पैठणीची किंमत मला सोडून सगळ्या गल्लीला सांगितली."

"बरं बरं. पण एवढा पैसा घालून लाकूडच काऊन? सोफासेट आला असता."

"तेच यांनी विचारलं. म्हटलं, आपण राहतो कुठं? बल्लारपूरचा डेपो इथून हाकेवर. 2023 च्या मार्चात अयोध्येच्या मंदिरासाठी साग निघाला, तेव्हा मिरवणूक पाहायला उन्हात आपणच उभ्या होतो ना? डोळे भरून आले होते तुमचे. आणि घरी येऊन बसलो कशावर? प्लायवूडच्या दिवाणावर, वरून सनमायका. सागाच्या गावात राहून सागाचा एक पाट नाही घरात. चांगलं निघालं की गाडीत चढून बाहेर जातं. म्हटलं, एक तरी फळी उलट्या दिशेनं येऊ दे."

"हे मात्र खरं बोलली. टांगणार कुठं?"

"तिथंच तर अडलंय! वाड्याला सागाच्या तुळया होत्या. आपला स्लॅब. घर बांधताना मी म्हणत होते, कड्या सोडा. तेव्हा कोणी ऐकलं? आता मिस्त्री म्हणतो, स्लॅबला नाही, बीमलाच भोक पाडून बोल्ट मारावे लागतील. फळीच चाळीसेक किलोची, वर आम्ही दोघं. तोवर चार विटांवर ठेवलीय."

"आणि साखळ्या?"

"तीन पितळी, मोरांच्या. चौथी कोणीतरी भंगारात घातली, तिच्या जागी विहिरीची लोखंडी. चिंच लावून तिन्ही घासल्या, सोन्यासारख्या निघाल्या. चौथी आहे तशी. राहू दे, गालबोटासारखी. हे म्हणतात, टांगली की आधी कड्यांना ग्रीस लावू, फार करकरतात."

"अजिबात नको! ग्रीस लावलं तर मला कसं कळणार?"

"काय?"

"तू बंगईवर बसली ते. करकर ऐकू आली की मी समजायचं, बाई रिकामी आहे. मी लगेच येते भिंतीशी. मग किंमत सांगशील."